बारा नवऱ्या आणि एक गॅसची टाकी

एन्कार्नाची आणि एलादियोची पहिली ओळख झाली ती मयतीत. तिच्या आत्याचे यजमान गेले होते. चर्चमध्ये पाद्री जड आवाजात परलोकाबद्दल बोलत होता, आणि मागच्या बाकावर बसलेल्या एका पोराने इतका हुबेहूब डासाचा आवाज काढला, की पाद्रीबुवांनी बोलता बोलता स्वतःच्याच कानफटात मारून घेतली. एकदा नव्हे, दोनदा. एन्कार्ना तोंडात रुमाल कोंबून गदागदा हलत होती आणि आजूबाजूच्या बायका म्हणत होत्या, पोरीचा किती जीव होता हो त्यांच्यावर. बाहेर आल्यावर तिने तो डास कोण ते हुडकून काढलं आणि वर्षाच्या आत त्याच्याशी लग्न लावलं. आईने विचारलं, एवढं काय पाहिलंस गं त्या बोटी रंगवणाऱ्यात? ती म्हणाली, "पाहिलं काहीच नाही, ऐकलं."

एलादियोचा गळा होताच तसा. बंदरावर बोटींना रंग देता देता तो गायला लागला की शेजारच्या बोटीवरचे लोक जाळी विणायची थांबत. एन्कार्ना मात्र कामाची बाई. ला विन्या वस्तीतलं बापाचं मासे तळायचं दुकान तिच्याकडे आलं, आणि तिने ते असं चालवलं की रविवारी दुपारी गल्लीत पाय ठेवायला जागा नसे. मसाल्यात मुरवलेली मुशी, कुरकुरीत मांदेली, जवळा घालून केलेली पातळ धिरडी. कागदाच्या पुडीत भरून द्यायची आणि देता देता गिऱ्हाइकाची एखादी खोडी काढायची. तिला दुसऱ्यांच्या भानगडी ऐकायला मनापासून आवडत. आपल्या स्वतःच्या संसारात भानगड होईल असा वास मात्र तिला कधी आला नव्हता. येणार तरी कुठून, चोवीस तास तळणाच्या वासात राहणारी बाई.

या जोडप्याच्या जिवाभावाचं दुसरं जोडपं म्हणजे रेमिहियो आणि तोमासा. रेमिहियो न्हावी, तोमासा शिवणकाम करणारी. चौघं लहानपणापासूनचे, एकाच गल्लीत धडपडलेले. दर सोमवारी दुकान बंद असे, तेव्हा चौघं एकत्र जेवत, पांढरी वाईन पीत, पत्ते खेळत आणि भांडत. भांडणाचा विषय वर्षभर एकच: कार्निव्हल.

कादिस या त्यांच्या गावात कार्निव्हल आलं की दहा-बारा पुरुष मिळून एकसारखं सोंग घेतात आणि साऱ्या गावाच्या अब्रूची कवनं करून चव्हाट्यावर गातात. अशा फडाला तिथे चिरिगोता म्हणतात, आणि माणूस धर्म बदलेल पण फड बदलणार नाही अशी तिथली रीत. रेमिहियोचा स्वतःचा फड होता. कवनं तोच रचायचा, सोंग तोच ठरवायचा, आणि पुढे उभं राहून मुख्य आवाजही तोच लावायचा. त्याचा आवाज म्हणजे गंजलेलं शटर. एलादियो मागच्या रांगेत, डावीकडून तिसरा. सोंगंही रेमिहियोच्या डोक्यातून यायची ती सगळी गोल गरगरीत. एका वर्षी शिंपले, एका वर्षी कांदे, एका वर्षी बुळबुळीत जेलीफिश. तोमासा वर्षानुवर्षं पुठ्ठा आणि तार शिवून कंटाळली होती. त्या वर्षी रेमिहियोने जाहीर केलं की यंदा आपण सगळे नारिंगी गॅसच्या टाक्या होणार. तोमासा पत्ते पिसत राहिली.

आणि साधारण त्याच सुमाराला एन्कार्नाच्या मनात पाल चुकचुकली.

आधी एलादियोच्या सदऱ्याच्या खिशात एक मोती सापडला. खोटाच, पण पांढरा, टपोरा. मग त्याच्या पाठीला चिकटलेला जाळीदार लेसचा तुकडा. मंगळवारी आणि गुरुवारी तो संध्याकाळी बाहेर पडायचा. कुठे, तर बंदरावरच्या मित्राकडे. परत यायचा तेव्हा त्याच्या अंगाला पावडरचा गोड वास यायचा. एन्कार्नाने हे सगळं मनात ठेवलं. पण एका गुरुवारी तो आला, समोर बसून सूप प्यायला लागला, आणि तिला त्याच्या ओठाच्या कोपऱ्यात लाल रंग दिसला. तिने विचारलं, हे काय? तो म्हणाला, बोटीचा रंग. आता नवऱ्याच्या अंगावर बोटीचे रंग बघण्यात तिचा जन्म गेला होता. बोट काही ओठांनी रंगवत नाहीत, एवढं तिला ठाऊक होतं.

दुसऱ्या दिवशी दुपारी गिऱ्हाईक नव्हतं तेव्हा रेमिहियो दुकानात आला. पुडीभर मुशी घेतली आणि खाल्ली नाही. मुशी न खाणारा रेमिहियो तिने पाहिलाच नव्हता. तिने झारा बाजूला ठेवला आणि विचारलं, काय झालं? तो इकडे तिकडे बघत म्हणाला की तोमासा मंगळवारी आणि गुरुवारी बहिणीकडे जाते म्हणून सांगते, आणि काल ती बहीणच त्याच्या दुकानात येऊन विचारत होती, महिना झाला, तोमासा कुठे दिसली नाही ती.

मंगळवार आणि गुरुवार ऐकून एन्कार्ना कढईकडे पाठ करून त्याच्यासमोर येऊन उभी राहिली.

"आणि ती झोपेत बोलते," रेमिहियो म्हणाला.

"काय बोलते?"

त्याने मान खाली घातली. "परवा म्हणाली, एलादियो, श्वास रोखून धर. मग म्हणाली, अजून थोडं, अजून थोडं, झालंच."

कढईतली मांदेली त्या दिवशी जळून कोळसा झाली. बापाच्या काळापासून त्या दुकानात असं झालं नव्हतं. एन्कार्ना ती कढई बघत उभी राहिली. रडू येत होतं, पण तिचा रडण्याचा हिशेब वेगळा होता. रडायचं ते खरं काय ते कळल्यावर, आधी रडून डोळे सुजले तर दिसणार काय? तिने रेमिहियोला सांगितलं की मंगळवारी दुकान लवकर बंद करून ये, आपण दोघं मिळून बघू.

मंगळवारी रेमिहियो आला तो वेष पालटून. लांब काळा कोट, कानापर्यंत टोपी, आणि दाढी. दाढी त्याने आपल्या दुकानातल्या केरातले केस फडक्याला डिंकाने चिकटवून बनवली होती. त्यात काळे, पांढरे, तपकिरी, सगळ्या गल्लीचे केस होते. एन्कार्ना म्हणाली, ही दाढी आहे की उसवलेली गादी? पण तिचंही काही वेगळं नव्हतं. सासूची सुतकातली काळी शाल तिने डोक्यावरून घेतली होती आणि आपल्याला कुणी ओळखत नाही अशा समजुतीत चालली होती. वाटेत चार जणांनी "काय एन्कार्ना, कुठे निघालीस?" म्हणून विचारलं. शालीला तळलेल्या माशांचा असा वास होता की गल्लीतली तीन मांजरं शेपट्या वर करून तिच्या मागे लागली. ती थांबली की मांजरं थांबत. पाळत ठेवणाऱ्या माणसांवरच पाळत होती.

त्या मंगळवारी एलादियो मासळीबाजाराजवळ त्यांच्या नजरेतून निसटला. गुरुवारी पुन्हा निघाले. या वेळी एलादियो स्पष्ट पुढे दिसत होता, हात खिशात, शीळ घालत, अगदी सुखी माणूस. एन्कार्नाच्या अंगाचा तिळपापड होत होता. सांता मारिया वस्तीच्या वळणावर तो अचानक थबकला, खिसे चाचपले आणि गर्रकन मागे फिरला. काहीतरी विसरला होता. सरळ यांच्या अंगावर येत होता. लपायला ना खांब ना गाडी, फक्त एका घराचं दार आणि त्याची अरुंद चौकट.

एन्कार्नाने रेमिहियोला कोटाला धरून चौकटीत ओढलं. रस्त्यात मुका घेणाऱ्या जोडप्याकडे भला माणूस बघत नाही, मान वळवून जातो, असं तिच्या मनात आलं, आणि मनात आलं तसं तिने केलं. रेमिहियोच्या तोंडाला डिंकाची चव होती. तो आधी खांबासारखा ताठ झाला. मग खांबासारखा राहिला नाही. एलादियोची शीळ जवळ आली, मागून गेली, दूर गेली. मग गल्लीत अगदी शांत झालं. त्यानंतरही जरा वेळ गेला.

दोघं बाजूला झाले तेव्हा दाढी रेमिहियोच्या तोंडावर नव्हती. ती एन्कार्नाच्या हनुवटीला चिकटली होती.

"नाटकच होतं ना ते?" रेमिहियोने घोगऱ्या आवाजात विचारलं.

"नाहीतर काय," ती म्हणाली आणि दाढी ओढून काढली. बरंच दुखलं.

वरच्या बाल्कनीत डोन्या आंगुस्तियास कुंड्यांना पाणी घालत होत्या, हे दोघांनाही दिसलं नाही. डोन्या आंगुस्तियास म्हणजे त्या भागातलं चालतंबोलतं वर्तमानपत्र. त्यांनी एन्कार्नाला शालीवरून आणि मांजरांवरून तेव्हाच ओळखलं. पुरुष मात्र त्यांना ओळखता आला नाही. फक्त दाढी दिसली.

एलादियो विसरलेली तंबाखू घेऊन परत आला तेव्हा हे दोघं एका हातगाडीमागे बसले होते, एकमेकांपासून जरा जास्तच अंतर ठेवून. तो दारूच्या एका जुन्या कोठारात शिरला. थोड्याच वेळात तोमासाही आली, हातात भलंमोठं गाठोडं. ती आत गेली आणि दार लागलं. रेमिहियोने एन्कार्नाकडे पाहिलं. त्याचे डोळे भरले होते. ती म्हणाली, रडतोस काय, खोके आण.

कोठाराला वर एक खिडकी होती. दोघांनी खोक्यावर खोका रचला, वर चढले आणि काच बोटाने पुसून आत डोकावले.

आत एका स्टुलावर एलादियो उभा होता. त्याच्या अंगावर नवरीचा पांढराशुभ्र झगा होता, मोत्यांनी मढवलेला, मागे हातभर शेपूट लोळत असलेला. ओठ लालभडक. तोमासा त्याच्यासमोर गुडघ्यांवर बसली होती, तोंडात टाचण्या धरून. टाचण्या न काढताच ती काहीतरी म्हणाली. एलादियोने पोट आत ओढलं आणि श्वास रोखून धरला. तिने कमरेपाशी झगा घट्ट केला, अजून थोडा, अजून थोडा, झालं.

मग पडद्यामागून आणखी नवऱ्या आल्या. मिशावाल्या, पोट सुटलेल्या, एक तर चिरूट ओढत. त्यांच्यात बार्तोलो होता. बार्तोलो खाटीक म्हणजे सांता मारियाच्या फडाचा नायक आणि रेमिहियोचा सात जन्मांचा वैरी. बार्तोलोने हात वर केला, ढोलावर थाप पडली, बाराच्या बारा नवऱ्या अर्धवर्तुळात उभ्या राहिल्या, आणि सगळ्यांच्या पुढे येऊन एकट्याने आवाज लावला तो एलादियोने.

एन्कार्नाला शालीचं टोक तोंडात कोंबावं लागलं, मयतीत कोंबला होता तसा रुमाल इथे नव्हता. खोके हलायला लागले. एवढे दिवस पोटात धरून ठेवलेलं सगळं हसण्याच्या वाटेने बाहेर येत होतं. पण हसता हसता तिच्या लक्षात आलं, आपण या माणसाला पुढे उभं राहून गाताना कधी ऐकलंच नव्हतं. इतकी वर्षं तो मागच्या रांगेत, डावीकडून तिसरा. आता आवाज सरळ छपराला लागत होता. तो काय छान गात होता.

तिने हे सांगायला बाजूला पाहिलं तर रेमिहियो नव्हता. तो खाली जमिनीवर बसला होता, टोपी मांडीवर.

"एन्कार्ना," तो म्हणाला, "मला वाटलं होतं तेच असतं तर बरं झालं असतं."

"म्हणजे काय?"

"बाहेरख्याली एक वेळ मी पोटात घातली असती. माणूस आहे, पाय घसरतो. पण ही फितुरी आहे. आणि तीही बार्तोलोकडे."

"म्हणजे माझ्या नवऱ्याने तुझ्या बायकोशी लफडं केलं असतं तर तुला चाललं असतं?"

रेमिहियोने प्रामाणिकपणे विचार केला. "कार्निव्हल झाल्यावर असतं तर," तो म्हणाला.

घरी जाताना त्याने तिच्याकडून वचन घेतलं की एक शब्द बोलायचा नाही. भर कार्निव्हलमध्ये, साऱ्या गावासमोर तो एलादियोचा बुरखा फाडणार होता. एन्कार्नाने वचन दिलं. तिला त्या सूडात फारसा रस नव्हता, पण बोलायला गेलं तर आपण तिथे कशा पोचलो तेही सांगावं लागलं असतं, आणि त्या वाटेत एक चौकट होती. तिने तोंडात मूग धरले. घरी एलादियोला सूप वाढताना मात्र तिला मध्येच हसू फुटायचं. तो विचारायचा, काय झालं? ती म्हणायची, काही नाही, पोट आत घे, सूप सांडेल.

इकडे डोन्या आंगुस्तियास स्वस्थ बसल्या नव्हत्या. आठ दिवसांत दोन्ही वस्त्यांत बातमी पसरली की तळणवालीचं एका परक्या दाढीवाल्याशी आहे. गिऱ्हाइकं पुडी घेताना विचारू लागली की आज दाढीवाला मासा आहे का. एन्कार्ना सगळ्यांना सांगायची, आहे, पण काटे फार. तिला वाटलं, चार दिवसांचं बोलणं आहे, विरून जाईल. नवऱ्याच्या कानावर कुणी घातलं नाही. अशी बातमी सगळ्यात शेवटी कुणाला कळते ते काय सांगायला हवं?

कार्निव्हलचा पहिला रविवार उजाडला. एलादियोने सकाळी गॅसच्या टाकीचं सोंग चढवलं आणि रेमिहियोच्या फडाबरोबर ला विन्याच्या चौकात उभा राहिला. नारिंगी टाक्यांची रांग, डोक्यावर काळ्या नळ्या. कवनं बेताचीच होती. लोक हसले, पण अशा हसण्याला कादिसमध्ये कुणी हसणं म्हणत नाही. शेवटचं कवन संपताच एलादियोने पोटावर हात दाबून धरला, मुरडा आला म्हणाला आणि गल्लीत पळाला. गल्लीच्या तोंडाशी तोमासा गाठोडं घेऊन उभी होती. पळता पळताच तिने त्याची टाकी सोडवली आणि झगा चढवला. नवरीच्या तोंडावर जाळी असते, त्यामुळे तो कुणालाही ओळखू येणार नाही अशी त्या दोघांची खात्री होती.

एन्कार्नाने दुकानाला कुलूप लावलं. रेमिहियो टाकीतच होता, काढायला वेळ नव्हता. दोघं सांता मारियाच्या चर्चच्या पायऱ्यांपाशी पोचले तेव्हा बारा नवऱ्या उभ्या राहत होत्या आणि समोर ही गर्दी. सोंग भन्नाट होतं: लग्नाच्या दिवशी नवरदेव पळून गेलेल्या बारा नवऱ्या. तोमासाने जीव ओतला होता त्या झग्यांत. बाया पुढे येऊन लेसला हात लावून बघत होत्या. तोमासा खांबाआड उभी राहून ते बघत होती आणि तिचं तोंड असं फुललं होतं की एन्कार्नाचा तिच्यावरचा उरलासुरला रागही गेला.

आता बार्तोलोने एक चलाखी केली होती. तळणवालीचं कवन त्याने तालमीत एलादियोला शिकवलं होतं, पण त्यात नवरा घोडागाडीवाला होता. बाजाराजवळ दुसरी एक तळणवाली होती, तिचा नवरा घोडागाडी हाकायचा. एलादियोला वाटलं होतं हे तिचंच, आणि तालमीत सगळ्यांत जास्त तोच हसला होता. पहिल्या दोन ओळी त्याने म्हणायच्या, पुढच्या दोन बाकीच्यांनी. बाकीच्यांना मात्र बार्तोलोने वेगळंच शिकवून ठेवलं होतं. विनोद चांगला बसत असेल तर बार्तोलोने आपल्या आईलाही सोडलं नसतं.

एलादियो पुढे आला आणि त्याने आवाज लावला:

"मुशी तळून, मांदेली तळून दमली ती बाई थोडी,
दाराआड जाऊन चाखली काळ्या दाढीची गोडी!"

लोक शिट्ट्या मारायला लागले. तो जाळीआडून गालातल्या गालात हसत होता. मग मागच्या अकरा नवऱ्यांनी ढोलाच्या ठेक्यावर उचललं:

"नवरा तिचा बोटी रंगवी, भोळा बिचारा गडी,
म्हणे, हनुवटीला तुझ्या, राणी, कुठून फुटली दाढी?"

हशा असा उठला की चर्चच्या मनोऱ्यावरची कबुतरं उडाली. एलादियोही हसायला लागला होता. मग त्याचं हसू अर्ध्यावर थांबलं. बोटी. त्याने ओठ हलवून ती ओळ स्वतःशी पुन्हा म्हणून पाहिली. ढोल वाजत राहिला, दुसऱ्या कडव्याची सुरुवात आली आणि गेली, पुन्हा आली. त्याने जाळी वर केली. गर्दीत त्याला समोरच बायको दिसली.

"एन्कार्ना," तो म्हणाला, "हा दाढीवाला कोण?"

ढोल थांबला. लोकांना वाटलं हा सोंगाचाच भाग आहे आणि ते आणखी पुढे सरकले. एन्कार्नाला खोटं बोलता आलं असतं. पण समोर नवरा लालभडक ओठांनी, मोत्यांच्या झग्यात उभा राहून तिला जाब विचारत होता, आणि तिच्याने गंभीर होववेना.

"हा काय माझ्या शेजारी उभा आहे," ती म्हणाली. "दाढी घरी ठेवून आलाय. आणि तशी ती दाढी अर्धी तुझ्याच केसांची होती."

एलादियोने शेजारी पाहिलं. शेजारी गॅसची टाकी होती.

टाकी पळाली. तिची खालची कड इतकी अरुंद होती की रेमिहियोला गुडघे चिकटवूनच पळावं लागत होतं, बदकासारखं तुरुतुरु. तिच्या मागे झगा दोन्ही हातांनी उचलून नवरी. नवरीच्या मागे तोमासा, झग्याची शेपूट जमिनीवर घासतेय म्हणून त्याला थांबायला सांगत. तिच्या मागे एन्कार्ना. मुख्य गाणाराच पळतोय म्हटल्यावर उरलेल्या अकरा नवऱ्याही पळाल्या, आणि नवऱ्यांच्या मागे सगळी गर्दी, ढोलासकट. गावाच्या या टोकापासून त्या टोकापर्यंत ही वरात गेली. ज्या चौकातून जाई तिथले लोक आपापलं सोडून सामील होत. ला कालेताच्या किनाऱ्याला उतार लागला आणि तिथे रेमिहियोचा पाय अडकला. टाकी आडवी पडली, गडगडत खाली गेली आणि ओल्या वाळूत रुतून बसली. एलादियो झग्याच्या शेपटीत गुरफटून तिच्यावरच आदळला.

रेमिहियोला उठता येईना, हात टाकीच्या आत होते. एलादियोला उठता येईना, झगा ओला होऊन जड झाला होता. दोघं तिथेच धापा टाकत पडून राहिले.

"तू माझ्या बायकोचा मुका घेतलास," एलादियो म्हणाला.

"तू बार्तोलोकडे गायलास," रेमिहियो म्हणाला.

"तू मला वीस वर्षं मागे उभं केलंस."

लाट आली, दोघांचे पाय भिजवून गेली. मग रेमिहियो हळूच म्हणाला की पुढे उभं राहिल्याशिवाय त्याला स्वतःचा आवाज ऐकू येत नाही, एलादियो असला की तर मुळीच येत नाही. हे त्याने कधी कुणाला सांगितलं नव्हतं. एलादियोने वाळूची मूठ भरली होती ती टाकीवर टाकली, पण हलकेच.

तेवढ्यात बायका पोचल्या. तोमासाने आधी झगा पाहिला, मग नवरा, आणि मग एन्कार्नाकडे वळली. "तू घेतलास मुका? याचा?"

एन्कार्ना म्हणाली, "तुम्ही दोघं करताय काय ते बघायला निघालो होतो, आणि वाटेत एलादियोच समोर आला. तू झोपेत काय बोलतेस ते तुला माहीत आहे का?" मग तिने ते सांगितलं. तोमासा डोळे विस्फारून ऐकत राहिली.

"बरं, आणि कसा होता?" तिने विचारलं.

"केसाळ," एन्कार्ना म्हणाली.

तोमासाला आधी हसू फुटलं. मग एन्कार्नाला. दोघी एकमेकींच्या गळ्यात पडून वाळूत बसल्या, त्यांचे नवरे तसेच पडलेले. वर किनाऱ्याच्या भिंतीवरून शेकडो लोक टाळ्या वाजवत होते आणि ओरडून सांगत होते, पुन्हा एकदा.

आणि पुन्हा एकदा करावं लागलं. त्या वर्षीच्या कार्निव्हलमध्ये असं काही कुणी केलंच नव्हतं. बार्तोलो लोकांना सांगत फिरला की ही कल्पना आपली. रेमिहियो सांगत फिरला की आपली. शेवटी दोघा वैऱ्यांनी हात मिळवले आणि उरलेला आठवडाभर दर दुपारी नवरीने टाकीचा पाठलाग केला, पायऱ्यांपासून किनाऱ्यापर्यंत, आणि एलादियो पळता पळता गायला. एन्कार्नाला स्वतःचं सोंग करायला बोलावलं होतं. ती म्हणाली, मला दुकान आहे. तिचं काम दुसऱ्याच एका खाटकाने अंगाला पीठ फासून केलं. डोन्या आंगुस्तियास रोज पहिल्या रांगेत खुर्ची टाकून बसत, आणि कुणी चुकलं तर मूळ प्रसंग कसा होता ते बसल्या जागेवरून सांगत.

पहिल्या दिवशी किनाऱ्यावरून घरी आल्यावर एलादियो ऑलिव्हच्या तेलाने ओठ पुसत बसला होता. त्याने विचारलं, तुला खरंच वाटलं होतं का मी आणि तोमासा? ती म्हणाली, वाटलं होतं. तो जरा खूश झाल्यासारखा दिसला, म्हणून तिने त्याला टॉवेलने मारलं. मग त्याने विचारलं की तो मुका किती वेळ चालला. ती म्हणाली, तू पुढे जाईपर्यंत.

"मी तर तंबाखू विसरलो म्हणून झपाझप गेलो होतो," एलादियो म्हणाला.

ती थोडा वेळ भांडी घासत राहिली. "तुला वाटतं तितकं तू भरभर चालत नाहीस," ती म्हणाली.

सोमवारचं जेवण एकही चुकलं नाही. रेमिहियोने पुढच्या वर्षीपासून मागे उभं राहायचं कबूल केलं. राहिला मात्र दोनच दिवस, मग दोघं शेजारी शेजारी पुढे उभे राहायला लागले आणि आवाजांची भेसळ कानांना सवयीची झाली. तोमासाने सांगितलं की गोल काही ती यापुढे शिवणार नाही, आणि शिवलं नाही. एन्कार्ना तळत राहिली. तिचं दुकान पुढे भाचीकडे गेलं तेव्हा तिचे गुडघे गेले होते, पण जीभ शाबूत होती.

त्या कार्निव्हलनंतरच्या हिवाळ्यात मात्र तिला काहीतरी चुकल्या-चुकल्यासारखं व्हायला लागलं. मंगळवार आला की हात मिठाच्या बरणीवर थबकत. एलादियो घरीच बसलेला असे, पाय पसरून, संशयाला तसूभर जागा न ठेवता. एका दुपारी तिने तोमासाला खरं काय ते सांगितलं. शाल पांघरून भिंतीला पाठ लावून उभं राहायचं, छातीत धडधडायचं, पुढे काय दिसेल ते माहीत नसायचं. इतकी मजा तिला लग्नानंतर कधी आली नव्हती. आता सगळं कळून चुकलेलं होतं आणि कुणावर पाळत ठेवायची सोय उरली नव्हती.

तोमासाने हातातली सुई थांबवली. ती म्हणाली की बार्तोलो हल्ली दर बुधवारी दुपारी दुकान बंद करून कुठेतरी जातो, आणि जाताना भांग पाडतो.

दोघी शाली पांघरून निघाल्या. बार्तोलो पुढे, या मागे, आणि यांच्या मागे मांजरं. दोन गल्ल्या, एक चौक, मग एका घराचा जिना. तो वर गेला. जरा थांबून याही वर गेल्या, दार ढकललं, आणि दातांच्या डॉक्टरच्या खोलीत बार्तोलोच्या अगदी समोरच्या बाकावर येऊन बसल्या. परत फिरायला उशीर झाला होता. बार्तोलो गालाला हात लावून दोघींकडे बघत राहिला आणि त्याने विचारलं, तुमचंही दुखतंय का?

एन्कार्ना गाल धरून म्हणाली, फार. नर्सने बाहेर येऊन आधी तिलाच आत बोलावलं.